लो-फॅट जीनचा बोकड: चरबीचे जीन, मटण आणि आपली तब्येत

माणगंगाकाठ

आमच्या आटपाडी-खानापूरकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर सध्या एक जाहिरात फिरते आहे. ‘लो-फॅट जीनचे बोकड. हार्टवाल्यांनाही चालेल.’ भाव बाजाराच्या दीडपट. विकणारा कोण ते इथे लिहीत नाही. पण ओळखीतले पशुपालक जाहिरात दाखवून विचारतात, "डॉक्टर, असला जीन खरंच असतो का?" गोठ्यात उभ्याउभ्या याचं उत्तर देता येत नाही, म्हणून हा धागा. मी पशुवैद्यक, शिरवळच्या पशुवैद्यक कॉलेजात शिकलो, आता याच भागात काम करतो.

जीन असतात, आणि शेकड्यांनी असतात. पंचाईत तिथेच आहे. चरबी कमी की जास्त हे एका जीनवर ठरत नाही.

मटणवाल्याकडे उभं राहून सोललेला बोकड नीट बघा. रानेचं मांस लालबुंद, त्यात पांढऱ्या रेषा जवळपास नाहीत. कातडीखाली पातळ पापुद्रा. गुर्द्यांभोवती मात्र पांढरा गोळा आणि आतड्यांवर जाळीसारखा पडदा. शेळीची जात चरबी ठेवते ती पोटात. मेंढी त्यातली बरीच कातडीखाली ठेवते, दुंबा शेपटीत, आणि जपानचं वाग्यू जनावर थेट मांसाच्या तंतूंमध्ये. म्हणून चरबी काढून टाकलेलं शेळीचं कच्चं मांस १०० ग्रॅम घेतलं तर त्यात चरबी साधारण २ ते ३ ग्रॅमच भरते. जे मुळातच लो-फॅट आहे त्याला दीडपट भाव कशापायी द्यायचा?

आता जीन काय करतात ते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात चारा आंबतो आणि त्यातून व्हिनेगरमधल्या आम्लाचंच रूप असलेलं अ‍ॅसिटेट तयार होतं. आपण साखरेपासून चरबी करतो, शेळी प्रामुख्याने या अ‍ॅसिटेटपासून करते. एफएएसएन नावाच्या जीनचं एन्झाइम कार्बनचे दोन-दोन तुकडे जोडत सोळा कार्बनचं पामिटिक आम्ल बनवतं. आणखी दोन कार्बन जोडले की स्टिअरिक. मग एससीडी जीनचं एन्झाइम त्यात एक दुहेरी बंध घालतं, की झालं ओलेइक, म्हणजे ऑलिव्ह तेलात भरपूर असतं तेच. अशा तीन साखळ्या ग्लिसरॉलवर बसवून साठवणीची चरबी तयार करण्याचं शेवटचं काम डीजीएटी जीनचं. रक्तातली चरबी पेशीत ओढून घ्यायला एलपीएल. कोणत्या पेशीने चरबीची पेशी व्हायचं हे ठरवायला पीपीएआर-गॅमा. आणि साठा किती झाला हे मेंदूला कळवायला लेप्टिन.

यातला जवळजवळ प्रत्येक जीन तुमच्या-माझ्याही अंगात आहे, याच कामाला. डुकरात एमसी४आर नावाच्या जीनमधल्या एका बदलाने पाठीवरची चरबी आणि भूक दोन्ही वाढतात. माणसात तोच जीन बिघडला तर लहानपणापासून लठ्ठपणा येतो.

माझं म्हणणं एवढंच आहे: चरबी किती, हे विचारण्याआधी ती कुठे साठते आणि कोणत्या प्रकारची आहे हे विचारा. बोकड घेतानाही आणि स्वतःचं पोट मोजतानाही. डॉक्टर मंडळींनी माणसांची बाजू लिहावी, तो माझा प्रांत नाही.

रस्सामंडळ_कराड

धागा छान, पण सकाळी सकाळी वाचून भूक लागली, त्याचं पाप तुमच्यावर.

एक शंका. आमच्याकडे सासरची मंडळी बोल्हाईची, शेळी चालत नाही, मेंढीचंच मटण. थंडीत रस्सा जरा गार झाला की ताटात पांढरा थर थिजतो आणि टाळूला चिकटतो. माहेरी बोकडाचं असायचं तेव्हा इतकं होत नव्हतं. ही जीनचीच करामत का? आणि मेंढीचा तो वास?

माणगंगाकाठ

ताई, थिजण्याचं कारण स्टिअरिक आम्ल. शुद्ध स्टिअरिक ६९ अंशाला वितळतं आणि ओलेइक १३-१४ अंशाला. दोन्हींत फरक फक्त एका दुहेरी बंधाचा. चाऱ्यातली चरबी खरं तर मऊ असते, पण पहिल्या पोटातले जिवाणू तिचे दुहेरी बंध मोडून तिला घट्ट करून ठेवतात. मग एससीडी त्यातल्या थोड्या भागाला परत मऊ करतं. हे एन्झाइम ज्या जनावरात, ज्या अवयवात जास्त चालतं तिथली चरबी मऊ. गुर्द्याभोवतीची सगळ्यात कडक, पायाकडची सगळ्यात मऊ. एकाच जनावरात, जीन तेच असूनही. मेंढीत कातडीखालची चरबीही बरीच असते, ती मांसाबरोबर हंड्यात उतरते, म्हणून थर जास्त दिसतो. ताटं गरम पाण्यातून काढून वाढली तर टाळूची तक्रार निम्मी होईल.

वास येतो तो फांद्या फुटलेल्या छोट्या आम्लांचा. चार-इथाइल-ऑक्टॅनोइक नावाचं एक आहे, नाकाला ते अगदी चिमूटभर पुरतं. वयात आलेल्या, खच्ची न केलेल्या बोकडात आणि मेंढ्यात ते जास्त. खच्ची केलं की वास जातो, पण चरबी वाढते. म्हणजे त्या जाहिरातवाल्याने बोकड खच्ची केला नसेल तर लो-फॅट खरंच असेल आणि घरभर वास सुटेल!

तर्कट_सांगलीकर

सगळं खरं, पण तुम्हीच म्हणता जीन शेकड्यांनी, मग पुढे एकेका जीनची गोष्ट सांगत बसता. माझ्या मते चारा बदला, चरबी बदलते, जीनचं कौतुक उगाच चाललंय. दोन वर्षं बंदिस्त शेळीपालन केलंय. मक्याचा भरडा वाढवला की मटणवाला म्हणतो, "चरबी मऊ पडलीय, तेलकट लागतीय." जीन तर त्याच कळपाचे.

माणगंगाकाठ

तुमच्या मटणवाल्याला मानलं पाहिजे. हे निरीक्षण पाश्चात्त्य देशांत बार्ली खाणाऱ्या कोकरांवर नोंदलेलं आहे, आणि त्याचं कारण ऐकलंत तर जीनची गोष्ट तुम्हीच सांगत सुटाल.

धान्य जास्त झालं की पोटात प्रोपिओनेट नावाचं त्याचंच भावंड वाढतं. यकृत त्याची ग्लुकोज करतं, पण वाटेत मिथाइलमेलोनिल नावाचा टप्पा लागतो आणि तो ओलांडायला बी-१२ जीवनसत्त्व लागतं. बी-१२ ला कोबाल्ट लागतं. प्रोपिओनेटचा लोंढा झेपेनासा झाला की मिथाइलमेलोनिल साठतं आणि एफएएसएनचं एन्झाइम नेहमीच्या दोन कार्बनच्या तुकड्याऐवजी (मेलोनिलऐवजी) तेच उचलून साखळीत घालतं. साखळीला मधूनच फाटे फुटतात. फाटे फुटलेल्या साखळ्या एकमेकींना नीट चिकटत नाहीत, म्हणून चरबी मऊ, तेलकट. मेंढीत हे ठळक होतं, शेळीतही दिसतं.

म्हणजे जीन तोच, कच्चा माल वेगळा. भरडा कमी करा, कडबा किंवा शेवरी-सुबाभळीचा पाला वाढवा आणि खनिज मिश्रणाचं पुडकं नुसतं कोनाड्यात ठेवू नका. चारा महत्त्वाचा हे पूर्ण मान्य. पण चाऱ्याचं पुढे काय होतं हे एन्झाइम ठरवतात, आणि त्यांचा आराखडा जीनमध्ये असतो.

पलूसची_गोठेवाली

मटणाचं चालू द्या, मला दुधाचं सांगा. आमच्याकडे एचएफ (होल्स्टीन) संकरित गाई आहेत. डेअरीवर कधी ३.२ लागते, कधी ३.३. दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) धरलेला, खाली गेलं की कापतात. शेजारच्या म्हशीला सहज ७ लागते. सिमेन बदलून फॅट वाढवता येते का?

शिरवळचा_जुना

ताई, तुमच्या प्रश्नावर जनुकशास्त्रातली एक फार देखणी गोष्ट आहे. वर डॉक्टरांनी सांगितलेला डीजीएटी. २००० साली सॅन फ्रान्सिस्कोतल्या संशोधकांनी उंदरांमधला डीजीएटी१ जीन बंद पाडला. उंदीर लठ्ठ होईनात. पण माद्यांना दूधही येईना! इकडे गाईंच्या दुधातली फॅट ठरवणारं काहीतरी चौदाव्या गुणसूत्रावर आहे एवढं माहीत होतं, जीन हाती लागत नव्हता. उंदरांची बातमी आली आणि धागा सापडला. २००२ मध्ये युरोप आणि न्यूझीलंडच्या गटांनी दाखवलं की या प्रथिनात २३२ व्या जागी लायसिन हे अमिनो आम्ल असेल तर दुधात फॅट जास्त, अ‍ॅलनिन असेल तर फॅट कमी पण दूध जास्त.

एचएफमध्ये दोन्ही प्रकार सापडतात. आपल्या देशी गाईंत आणि म्हशींत मात्र जवळपास सगळीकडे लायसिनच. खिल्लार काय किंवा पंढरपुरी म्हैस काय, फॅटवाला जीन त्यांच्याकडे पिढीजात आहे. म्हशीच्या ७ फॅटला इतरही जीन लागतात, पण पाया हा.

त्यामुळे वळूच्या माहितीपत्रकात नुसते दुधाचे लिटर बघू नका, फॅट टक्क्याचा आकडाही बघा. सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये वाशिमच्या कार्यक्रमात गाईंसाठी ‘गौचिप’ आणि म्हशींसाठी ‘महिषचिप’ आणली. त्यात डीएनएतल्या हजारो जागा एकदम वाचून वासराची कुवत लवकर अंदाजता येते. पण तो खेळ पैदाशीचा, तुमच्या हाती फळ यायला एक पिढी जाणार.

आज फॅट कमी का लागते ते आधी बघा. पेंड जास्त आणि तंतुमय चारा कमी पडला की अ‍ॅसिटेट घटतं. वर पोटातले जिवाणू एक खास प्रकारचं सीएलए आम्ल तयार करतात, ते कासेतल्या एफएएसएन, एससीडी वगैरे जीनचं कामच मंदावतं. म्हणजे खुराक जीनचा आवाज कमी करू शकतो. उसाचे वाढे निघतात तेव्हा नुसत्या वाढ्यांवर आणि पेंडीवर भागवू नका, कडबा कुट्टी घाला. काही दिवसांत फरक कळेल.

पलूसची_गोठेवाली

कुट्टी महाग पडते म्हणूनच कमी केली होती. हिशोब घालून बघते. आभार.

मिरज_ओपीडी

माणसांची बाजू मी लिहितो. मिरजेत फिजिशियन आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट. हृदयरोग्याने काय खावं हे बोकडाच्या जीनवरून ठरवू नये. रोग्याचे स्वतःचे जीन त्यापेक्षा खूप जास्त बोलतात. एलडीएल, म्हणजे ज्याला वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, रक्तातून काढून घेणारा दरवाजा एलडीएलआर जीन बनवतो. ब्राउन आणि गोल्डस्टीन यांना त्याबद्दल १९८५ चं नोबेल मिळालं. साधारण अडीचशे-तीनशे माणसांमागे एकात या वाटेवरचा एखादा जीन जन्मतःच सदोष असतो. अशा माणसाने आयुष्यभर वरण-भात खाल्ला तरी एलडीएल १९० च्या वर राहू शकतं. टाचेमागची शीर जाड, गाठाळ, घरात कुणाला चाळिशीच्या आत झटका, अशी माणसं मी पाहतो, आणि ती "आम्ही तर माळकरी" म्हणून निर्धास्त असतात. माळकरी असणं उत्तम, पण तपासणी करा आणि भावंडांचीही करून घ्या.

उलट टोकाला पीसीएसके९. हा जीन दरवाजे मोडत राहतो. २००३ मध्ये फ्रान्समधल्या कुटुंबांत तो अति चालणारा सापडला, पुढे अमेरिकेत तो बंद पडलेली माणसं सापडली. त्यांचं एलडीएल फारच कमी आणि हृदयविकारही दुर्मीळ. त्यावरूनच आजची इंजेक्शनं आली.

आता ‘चरबी कुठे’ हा मुद्दा. धागाकर्त्यांचं म्हणणं पुण्यातच सिद्ध झालेलं आहे. तिथल्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांचा २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये एकत्र फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, २२.३, अगदी सारखा. शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! दिसायला सडपातळ, आत चरबी. आपल्याकडे हे गर्भापासूनच सुरू होतं. पुण्याजवळच्या गावांतल्या बाळांचं वजन सरासरी २.७ किलोच्या आसपास, इंग्लंडमधल्यांचं ३.५. स्नायू कमी, पण चरबी मात्र टिकवून ठेवलेली.

म्हणून मी वजनाइतकाच कमरेचा घेर मोजतो. यकृतात चरबी भरण्यात पीएनपीएलए३ नावाच्या जीनमधला एक बदल मोठा वाटा उचलतो. तो असलेला बारीक माणूसही सोनोग्राफीत फॅटी लिव्हर घेऊन येतो, दारू न पिता.

रस्सामंडळ_कराड

डॉक्टर, म्हणजे आमचा हा नवरा हातपाय बारीक आणि पोट पुढे. धाग्यातल्या बोकडासारखाच. :)

मिरज_ओपीडी

वहिनी, तुम्ही म्हणालात, मी नाही!

तर्कट_सांगलीकर

बरं मग मटणातली चरबी खायची की नाही, सरळ सांगा की राव.

मिरज_ओपीडी

सरळ सांगतो. स्टिअरिक एलडीएल फारसं वाढवत नाही, पामिटिक वाढवतं, आणि मटणाच्या चरबीत दोन्ही असतात. गुर्द्याचा गोळा आणि पडदा बाजूला काढा. आठवड्यातून एकदा दोन-चार फोडी आणि अळणी रस्सा, यावर कुणाचं हृदय बंद पडत नाही. तांबड्या रश्श्यावर बोटभर कट तरंगतो तो बहुतेक तुम्हीच ओतलेल्या तेलाचा असतो, त्याचा दोष बोकडाला देऊ नका. सुक्या खोबऱ्याची चरबीही घट्टच असते, तेही ध्यानात असू द्या. कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू असेल तर असे धागे वाचून बंद करू नका.

विटा_पोल्ट्री

कोंबडीबद्दल कुणी बोललं नाही. गिऱ्हाईक म्हणतं पिवळी चरबी म्हणजे गावठी, पांढरी म्हणजे ब्रॉयलर. मेंढीची चरबी पिवळी निघाली तर मात्र तेच गिऱ्हाईक कावीळ म्हणून परत करतं. हे काय गौडबंगाल?

शिरवळचा_जुना

दोन्हीकडे एकच जीन, बीसीओ२. मका आणि हिरव्या चाऱ्यातला पिवळा रंग तोडून टाकणं त्याचं काम. तो जीन नीट चालला तर चरबी पांढरी. कोंबडीच्या कातडीत तो मंद झाला की पाय आणि कातडी पिवळी. गंमत म्हणजे कोंबड्यांचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा, पण पिवळ्या कातडीचा जीन त्याच्याकडचा नाही. तो करड्या रानकोंबड्याकडून आला, असं २००८ मध्ये दिसून आलं. कोयनेच्या, महाबळेश्वरच्या जंगलात पहाटे आरवतो तोच. म्हणजे जगभरच्या पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत आपल्या सह्याद्रीतल्या पक्ष्याची वारसदारी आहे. पण जीन असला तरी खाद्यात पिवळा रंग हवाच, नुसत्या तांदळाच्या कणीवर वाढवली तर ती पांढरीच राहणार. आणि मक्यावरचा ब्रॉयलरही पिवळा होतो, म्हणून रंगावरून गावठी ओळखणं सोडा.

मेंढीत हा जीन आई-बाप दोन्ही बाजूंनी मोडका आला की चरबी पिवळी निघते. नॉर्वेच्या मेंढ्यांत असा बदल सापडला आहे. तिला धोका नाही. काविळीत नुसती चरबी पिवळी होत नाही, डोळ्यांचा पांढरा भाग, शिरा, स्नायूंचे पांढरे दोरही पिवळे पडतात. ते दिसलं तर मात्र मांस घेऊ नका.

माडग्याळवाला

नमस्कार डॉक्टर. आमी जत तालुक्यातले, मेंढरं हायती, माडग्याळी. बाजारात तो लो-फॅटचा बोकड बगितला. पाठीवर हात फिरवला तर मणके लागत्यात. उपाशी ठिवला की कुटलाबी बोकड लो-फॅट हुतोय.

मला दुसरंच इचारायचं. फलटणला जुळ्याचा जीन हाय म्हनत्यात तो चरबीचाच का? आणि माझी एक मेंढी गाभण, पोट लई मोठं, खाणं सोडलंय, एकटीच भिताडाला डोकं लावून हुबी ऱ्हाती. जाम लठ्ठ हुती आधी.

माणगंगाकाठ

दादा, आधी मेंढीचं. आजच्या आज डॉक्टर बोलवा, मला फोन करा किंवा जवळचा कुणी असेल तो, पण थांबू नका. पोटात जुळं किंवा तिळं असणार. शेवटच्या दीड महिन्यात कोकरांची जवळजवळ ७० टक्के वाढ होते आणि पोट दबल्यामुळे मेंढीला चारा पुरेसा घेता येत नाही. मग ती अंगावरची चरबी मोडायला लागते. तुमची लठ्ठ होती, म्हणजे चरबीचा लोंढा एकदम यकृतावर आला. यकृताला तो पेलत नाही, त्यात चरबी भरते, चरबी मोडून झालेले कीटोन रक्तात वाढतात, साखर घसरते. डोकं टेकून उभं राहणं हे त्याचंच लक्षण. उशीर झाला तर डोळे जातात, आडवी पडते आणि मग हाती काही राहत नाही. दुभत्या गाईला व्याल्यावर कीटोसिस होतो त्याचाच हा सख्खा भाऊ.

डॉक्टर येईपर्यंत शुद्धीवर असेल आणि गिळत असेल तर प्रोपिलीन ग्लायकॉल पाजा, मेडिकलमध्ये मिळतं, मात्रा डॉक्टरांना फोनवर विचारा. जबरदस्तीने ओतू नका, ठसका लागून फुफ्फुसात जाईल.

बाकीच्या गाभण मेंढ्यांना आत्तापासून थोडा मक्याचा भरडा सुरू करा, हळूहळू वाढवत. आणि तळ हलवायचा असेल तर या दिवसांत एक दिवसही उपाशी चालवू नका.

फलटणचा जीन चरबीचा नाही. निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या सुंदरबनातल्या गरोळ मेंढीतून फेकबी नावाचा जीन दख्खनी मेंढीत आणला, ती नारी सुवर्णा. तो बीजाशयावर काम करतो, एक प्रत असली तरी जुळी वाढतात, आणि रक्ताच्या थेंबावरून आहे की नाही हे कळतं. असा एकटा, ठसठशीत काम करणारा जीन दुर्मीळ, म्हणून तो विकत घेण्यात अर्थ आहे. पण जुळी आली की शेवटचे दीड महिने खुराकाचं वर सांगितलेलं सगळं लागू होतं. तो मेंढा घेण्याआधी खुराकाचे पैसे बाजूला काढा.

मेंढी कितव्या महिन्यात आहे आणि गाव कोणतं ते व्यक्तिगत निरोपात कळवा. जतमध्ये ओळखीचे दोघे डॉक्टर आहेत, त्यांना पाठवतो.

माडग्याळवाला

पाठिवलाय निरोप. चार म्हैनं झालं असतील. अजून गिळतीया.